सत्तरी-ऐंशीतले रॉक कलाकार प्रत्यक्ष ऐकताना : अनुभव धागा

साठ-सत्तरच्या दशकांतले जे बँड अजून दौरे करतात, त्यांच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी हा धागा. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आणि रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. ७ एप्रिल २००३ ला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजले तेव्हा जॅगर साठीला टेकलेला होता. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे लोक उतारवयातच पाहिले आहेत.

विनंती एवढीच, की 'भारी होतं' किंवा 'आवाज गेलाय' यावर थांबू नका. गेला तर कुठल्या स्वरांना गेला, का गेला, बँडने त्यावर काय तोड काढली, तिकीट कुठल्या तारखेचं घ्यावं, मैदानात कुठे उभं राहावं, ते लिहा. पुढच्याला उपयोग होईल असं.

गायन शिकवणारी, पुणे

आवाजापासून सुरुवात करते, कारण निराशा होते ती तिथेच. वय वाढलं की स्वरतंतू पातळ होतात, त्यांची लवचीकता कमी होते, स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात आणि फुप्फुसांची हवा धरून ठेवायची ताकद घटते. चौथं कारण लोक विसरतात. तार सप्तकातला लांब स्वर हा जितका गळ्याचा, तितकाच दमाचा असतो. म्हणून आधी जातो तो लांबवलेला वरचा स्वर, त्यामागोमाग त्यावरचा बारीक कंप. कंप संथ आणि रुंद होतो, आणि तोच आपल्याला 'थरथर' म्हणून ऐकू येतो. मधलं सप्तक मात्र पुष्कळदा शाबूत राहतं, कधीकधी आधीपेक्षा दाट होतं. एल्टन जॉनच्या गळ्यावर १९८७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खाली उतरला. त्यानंतर तो जुन्या गाण्यांतल्या खोट्या आवाजातल्या (फॉल्सेटो) जागा खालूनच घेत आला. त्या जागांची वाट बघत बसलात, तर खालच्या स्वरांत आलेलं वजन निसटेल.

सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, नीट बघा. पहिली दोन-तीन गाणी मधल्या पट्टीतली असतात, कारण गळा तापायला वेळ लागतो. अवघड गाणं बहुधा चौथ्या-पाचव्या नंबरनंतर येतं आणि त्याच्या आगेमागे एखादा लांब सोलो ठेवलेला असतो. स्टोन्सच्या कार्यक्रमात मध्यावर गिटारवादक कीथ रिचर्ड्स दोनेक गाणी स्वतः गातो. तेवढ्यात जॅगर स्टेजमागे दम खातो, पाणी पितो. प्रेक्षक ती वेळ बिअर आणायला वापरतात, तसं करू नका. त्या दोन गाण्यांत बँड वेगळाच वाजतो, सैल आणि जवळचा.

काही गाणी यादीतून कायमची जातात, तेही समजून घ्या. डीप पर्पलने 'चाइल्ड इन टाइम' वाजवणं दोन दशकांहून अधिक काळापूर्वी थांबवलं. त्यातल्या किंकाळ्या हाच त्या गाण्याचा कणा आहे. त्या खालून घेतल्या तर गाणं उरत नाही, म्हणून गायक इयान गिलनने ते सोडून दिलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. सवाईला बसणाऱ्या कानांना हे समजावून सांगावं लागत नाही. उतारवयातला गवई कुठला राग घेत नाही, यावरून त्याची समज कळते.

गिटारची दुरुस्ती-जोडणी करणारा, ठाणे

वरच्या प्रतिसादाला जोड देतो. आपल्याकडे गवयाने 'आज काळी एक नको, पांढरी एक घ्या' म्हटलं की पेटीवाला बोटं सरकवतो, तंबोरे लावले जातात, काम झालं. रॉकमध्ये हे इतकं सोपं नाही. गिटारचे पुष्कळ तुकडे मोकळ्या तारांवर बेतलेले असतात. पट्टी बदलली की मोकळी तार हाताशी राहत नाही आणि तुकड्याचा सगळा खणखणाट जातो. कापो (मानेवर लावायचा चिमटा) लावून पट्टी फक्त वर जाते, खाली नाही. म्हणून एकच उपाय उरतो, तो म्हणजे अख्खी गिटारच उतरवून लावणं.

जाड तार पांढरी तीनला लागते. अर्धा स्वर उतरवली की काळी दोन, पूर्ण स्वर उतरवली की पांढरी दोन. अर्ध्या स्वराने तारेचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वराने २१ टक्क्यांच्या आसपास. ताण घटला की तार पडद्यावर खरखरते, आणि जोरात आघात केला तर स्वर क्षणभर वर जाऊन मग खाली बसतो. म्हणून पूर्ण स्वर उतरवताना तारांचा ९ च्या जागी १० चा, म्हणजे जाड, संच घालतात. मग ताण जवळपास पहिल्याइतका होतो, मात्र मानेचा बाक आणि पुलाची उंची पुन्हा जुळवावी लागते. दर दोन-तीन गाण्यांनी गिटार बदलताना दिसते त्यामागे दिखावा नसतो, प्रत्येक गिटार वेगळ्या पट्टीत लावून ठेवलेली असते. कीथ रिचर्ड्सची पाच तारांची गिटार हा आणखी वेगळा प्रकार. जाड तार काढूनच टाकलेली आणि उरलेल्या पाच मोकळ्या छेडल्या की 'जी'चा (पांढरी पाच) पूर्ण मेळ, म्हणजे कॉर्ड.

एक गैरसमज दूर करतो. 'गिटार अर्धा स्वर उतरलेली आहे, म्हणजे गायक थकला' असं सरळ समीकरण नाही. गन्स एन' रोझेस पहिल्या अल्बमपासूनच अर्धा स्वर खाली लावतात. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ते काळी दोनला वाजले असतील, तर ते वयामुळे नव्हे. तुलना करायची तर मूळ ध्वनिमुद्रण कुठल्या पट्टीत आहे ते आधी पेटीवर तपासा आणि मग बोला.

लंडनहून

तिकीट आणि तारखा. वयस्क कलाकाराचा दौरा बघताना दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या दिवसांवर बोट ठेवा. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतरचा कार्यक्रम घ्या, सलग दुसऱ्या रात्रीचा टाळा. दौऱ्याची पहिली तारीखही टाळा, सेटलिस्ट बसायला चार-पाच कार्यक्रम जातात. आणि अगदी शेवटच्या तारखेवर सगळा भरवसा ठेवू नका, कारण मध्ये काही झालं तर रद्द होतात त्या पुढच्या तारखा.

ही भीती उगाच नाही. २०१९ मध्ये जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर उपचार झाले आणि स्टोन्सचा अमेरिकेचा दौरा एप्रिलवरून जूनवर गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनला पोटातल्या अल्सरमुळे कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. त्याच महिन्यात एरोस्मिथच्या निरोपाच्या दौऱ्याच्या तिसऱ्याच कार्यक्रमात गायक स्टीव्हन टायलरच्या स्वरयंत्राला इजा झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे थांबवत असल्याचं जाहीर केलं. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे बहुधा मिळतात, विमानाचे मिळत नाहीत. पुढे ढकलला, तर तिकीट नव्या तारखेला चालतं आणि परताव्यासाठी ठरावीक मुदत असते. ती मुदत ईमेलमध्ये बारीक अक्षरांत असते, त्याच दिवशी वाचा. भारतातून येणाऱ्यांनी हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्यावं. प्रवास विम्यात कलाकाराचं आजारपण सहसा बसत नाही, अटी आधीच बघा.

'निरोपाचा दौरा' या शब्दावर पैसे मोजू नका. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निरोप जाहीर केला आणि पुढेही वर्षानुवर्षं ते वाजत राहिले. ब्लॅक सॅबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न, त्याचा पहिला निरोपाचा दौरा १९९२ चा. त्याचा खरा शेवटचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर झाला. सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला वारला. मधे १७ दिवस. कलाकार ऐकायचा असेल तर तो जवळच्या शहरात येईल तेव्हा ऐका, जाहिरातीत काय लिहिलंय ते बाजूला ठेवा.

शिवाय तिकिटावरचं नाव आणि स्टेजवरची माणसं ताडून पाहा. डीप पर्पलमध्ये १९६८ पासून सलग असलेला एकटा इयान पेस, ड्रमवर. मार्च २०२३ मध्ये गॅरी रॉसिंग्टन वारल्यावर लिनर्ड स्किनर्डमध्ये मूळचा एकही जण राहिला नाही. तरी जावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माहीत असून जावं.

ध्वनिमिश्रण करणारा, मुंबई

मैदानात कुठे उभं राहायचं? साउंड कन्सोलचा तंबू शोधा आणि त्याच्या पुढे चार-पाच पावलं, मधल्या रेषेपासून थोडं बाजूला उभे राहा. मिश्रण करणारा जे ऐकतो ते तुम्हाला मिळेल. अगदी मधोमध का नको? सब-वूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) डावी-उजवीकडे ठेवलेले असले की मधल्या रेषेवर दोन्हीकडचा खर्ज एकाच वेळी पोचतो आणि तिथे तो फुगतो. चार पावलं सरकलं की कमी होतो. वयस्क गायकाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. त्याचा आवाज आधीच मधल्या-खालच्या पट्ट्यात असतो, खर्ज फुगला की शब्द त्यात बुडतात आणि आपण म्हणतो 'ऐकूच येत नव्हता'. दोष उभं राहण्याच्या जागेचा असतो.

कठड्याला चिकटून पहिल्या रांगेत चेहरा दिसतो, पण तिथे मुख्य स्पीकर डोक्यावरून जातात. कानावर पडतात ते सब आणि स्टेजवरचे ड्रम. १०० मीटरवर आवाज जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा येतो. पडद्यावर काठी आपटलेली दिसते, ठोका मागून येतो. ड्रमर लयीत चुकतोय असं ठरवू नका.

कान. ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, आणि रॉकचा कार्यक्रम दोन तास त्याच्या आसपास असतो. फोमचे बोळे स्वस्त, पण वरचे स्वर जास्त कापतात, गायक गादीआडून गातोय असं वाटतं. संगीतासाठीचे गाळणीवाले प्लग १५ ते २० डेसिबल सगळीकडून सारखे उतरवतात, ते घ्या. फोमच असेल तर नीट घाला. बोटांत लाटून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिला तर काही उपयोग नाही. आणि पहिल्या गाण्याआधी घाला, कान वाजायला लागल्यावर नव्हे.

मुंबईकरांसाठी शेवटचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. अपवादाचे मोजके दिवस सोडले तर मैदानावरचा कार्यक्रम दहाला संपतो, म्हणजे मुख्य बँड साडेसात-आठलाच सुरू होतो. धोबीतलावच्या रंगभवनात रॉक थांबलं, त्यामागेही शांतता क्षेत्राचाच नियम होता. ऑफिस सुटल्यावर 'नऊपर्यंत पोचतो' म्हणणाऱ्याचा अर्धा कार्यक्रम गेलेला असतो.

न्यू जर्सीहून, थोडक्यात

बॉब डिलनला जाणार असाल तर वेगळी तयारी. दारातच फोन कुलूपबंद पिशवीत घालून पिशवी तुमच्याच हातात देतात, बाहेर ठरावीक जागी उघडते. तिकीट फोनवर असेल तर सीट नंबर कागदावर लिहून घ्या आणि सोबतच्यांना भेटायची जागा आधी ठरवा. मोठे पडदे नसतात. तो बहुतेक वेळ पियानोमागे असतो, म्हणून पियानो स्टेजच्या कुठल्या बाजूला आहे ते आधीच्या कार्यक्रमांच्या वर्णनांतून शोधा आणि सीट घ्या. जुन्या गाण्यांच्या चाली इतक्या बदललेल्या असतात की शब्दांवरूनच ओळख पटते. नवा अल्बम दोनदा ऐकून जा, तेच जास्त वाजतं.

ड्रम वाजवणारा, नाशिक

हातपाय कसे थकतात यावर कुणी लिहिलं नाही. जेनेसिसचा ड्रमर-गायक फिल कॉलिन्स, त्याला पाठीच्या शस्त्रक्रिया आणि मज्जातंतूंच्या इजेनंतर काठी धरणं अशक्य झालं. जेनेसिसच्या २०२१-२२ च्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीवर बसून गायला, ड्रमवर मुलगा निक. शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२, लंडनच्या ओटू अरिनात. निकने वडिलांचे ठोके जिथल्या तिथे ठेवले, आणि कॉलिन्स तालवाद्य वाजवताना मान कशी हलवत होता ते पाहा, लय पूर्ण शाबूत आहे. जुडास प्रीस्टचा गिटारवादक ग्लेन टिप्टनने २०१८ मध्ये पार्किन्सन्स जाहीर केला. दौऱ्यात अँडी स्नीप वाजवतो, आणि जमेल तेव्हा टिप्टन शेवटच्या काही गाण्यांना येतो. म्हणून प्रीस्टच्या कार्यक्रमातून गर्दी टाळायला लवकर निघू नका.

आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन जानेवारी २०२३ च्या पक्षाघातानंतरही ड्रमवर परतला, डिसेंबर २०२४ पर्यंत वाजवला. ठेक्यामधले जलद तुकडे (फिल) त्याने साधे केले, ठेका सोडला नाही. ड्रमरच्या हाताकडे बघा. मनगटाऐवजी कोपर जास्त हलायला लागलं की दमला समजा.

पुन्हा पुण्याहून

मागे मुद्रित आवाज लावतात त्याबद्दल विचारणा आली. ओळखायचं असं : गायकाचे ओठ मिटलेले आणि त्याच्याच आवाजाचा थर चालू, किंवा, निदान शंका घ्यायला जागा म्हणून, दोन रात्रींच्या एकाच गाण्याची लांबी सेकंदासह सारखी. सोबतच्या गायकांनी वरची जागा घेणं मला पूर्ण मान्य आहे, मुद्रित मुख्य आवाज नाही. मॅकार्टनी २०२२ पासून एका गाण्यात बीटल्समधला साथीदार जॉन लेनन याच्या जुन्या मुद्रित आवाजाबरोबर गातो, पण तिथे पडद्यावर लेनन दाखवलेला असतो, लपवाछपवी नसते.

आईबाबांना नेणाऱ्यांसाठी, बंगळूरहून

उभ्याचं तिकीट घेऊ नका. दार उघडण्यापासून शेवटपर्यंत पाच-सहा तास होतात, स्प्रिंगस्टीनसारखा तीन तास वाजवणारा असला तर आणखी. बसण्याच्या भागात कडेची सीट घ्या, पायऱ्यांना कठडा आहे का ते विचारा. लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये वरचे मजले फार उभे आहेत, गुडघेदुखी किंवा चक्कर असणाऱ्यांना जड जातात, आणि तळमजल्याच्या मागच्या रांगा सज्ज्याखाली येत असल्याने पडद्याचा वरचा भाग कापला जातो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्टेजमागच्या सीट मिळाल्या तर जरूर घ्या. ड्रमरचे पाय आणि गायकासमोर जमिनीवर ठेवलेला शब्दांचा पडदा दोन्ही दिसतात. श्रवणयंत्र असेल तर काढून डबीत ठेवा आणि त्या जागी प्लग घाला, यंत्र चालू ठेवून स्पीकरसमोर बसू नका. संपल्यावर वीस मिनिटं जागेवरच थांबा, जिना मोकळा झाला की निघा.