सकाळची गाडी आणि दहा मिनिटांचं गरम करणं

काही जण सांगतात की थंडीत गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवल्याशिवाय हलवूच नये. कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या गाड्यांमधला भाग) काळात हे काही अंशी बरोबर होतं. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेला खटका) ओढायचा, गाडी खोकत राहायची, आणि घाई केली की चौकात हमखास बंद पडायची. आता फ्युएल इंजेक्शन आहे. सेन्सर तापमान बघून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतात.

उलट जागेवर ताटकळत ठेवण्याचा तोटाच आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ते सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. शिवाय आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन तापतं अगदी रमतगमत, म्हणजे ही अवस्था लांबतेच. गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंग, टायर तर गाडी चालल्याशिवाय नीट गरम होतच नाहीत.

मी काय करतो: स्टार्टर मारला की आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा बघतो. सुरुवातीला बाराशेच्या आसपास असतो, अर्ध्या-एक मिनिटात जरा खाली येतो. तेवढ्यात सीटबेल्ट, आरसे. मग निघायचं, पण पहिली पाच-सात मिनिटं अडीच हजारांच्या वर न्यायचं नाही. टर्बोवाल्यांनी (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा असलेल्या गाड्या) तर नाहीच नाही. डिझेल असेल तर स्टार्टर मारण्याआधी ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर तापवणारा भाग) डॅशबोर्डवरचा दिवा विझू द्या.

काचेवर बर्फ असेल तर थांबावं लागतंच, ते इंजिनासाठी नाही, दिसण्यासाठी. आणि बंद गॅरेजमध्ये मात्र एक मिनिटही नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.