सगळे वक्ते एका माळेचे मणी नसतात

'प्रेरणादायी वक्ते म्हणजे नुसती पोपटपंची' असं कुणी म्हटलं, तर बहुतेकांच्या बाबतीत ते मलाही पटतं. पण व्हर्निस आर्मर या अमेरिकी प्रेरणादायी वक्तीला त्यात ओढू नका. आधी नॅशव्हिलमध्ये पोलीस, मग मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात वैमानिक. २००३ च्या इराक युद्धात ती सुपर कोब्रा हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर उडवत होती. अमेरिकेची पहिली कृष्णवर्णीय स्त्री लढाऊ वैमानिक.

ते हेलिकॉप्टर म्हणजे प्रकरणच वेगळं. माणसं, सामान वगैरे काही नेत नाही. जेमतेम मीटरभर रुंदीचा सांगाडा, त्यात दोघं एकामागे एक बसलेले आणि नाकाखाली २० मिलिमीटरची तीन नळ्यांची तोफ. खाली पायदळ अडकलं की रेडिओवर हाक येते. मारा कुठे करायचा हे झटपट ठरवायचं, आणि आपलीच माणसं तिथे जवळपास असतात!

अमेरिकेत स्त्रियांना लढाऊ विमानं चालवायची परवानगीच मुळी १९९३ मध्ये मिळाली, हेही ध्यानात घ्या. म्हणजे ती परवानगी आणि तिचं इराकमधलं उड्डाण यांच्यामध्ये फक्त दहा वर्षं.

तिचं ते भाषणात सारखं 'गट्सी मूव्ह' (धाडसी पाऊल) म्हणणं मला जरा जाहिरातीसारखं वाटतं, ते सोडा. कोब्राबद्दल बोलायला लागली की मात्र मी कान देऊन ऐकतो.