मागून आला की पुढून? सात स्पीकरचा हेडसेट आणि आपले दोनच कान

कानोसा (धागाकर्ता)

काल रात्री पुन्हा तेच. शूटिंग गेमचा शेवटचा राउंड, आमच्याकडून मी एकटा उरलेलो, त्यांचाही एकच. मी कोपऱ्यात दबा धरून. पावलं वाजली, चार-पाच, अगदी स्वच्छ. गर्रकन मागे वळलो आणि तो पुढून आला. मेलो.

टीममधल्या दोस्ताचा सल्ला ठरलेला: "साध्या हेडफोनवर कसलं ऐकू येणार? ७.१ घे." (म्हणजे भोवती सात स्पीकर आणि बेसचा एक, असा भास देणारा सराउंड हेडसेट.) आता गंमत बघा, माझ्या डोक्यावर ७.१च होता. बटण चालू, दिवा पेटलेला.

चिडून आज घरीच परीक्षा घेतली. धाकट्या भावाला प्रायव्हेट मॅचमध्ये घेतलं, माझा मॉनिटर बंद केला, माउसला हात लावायचा नाही असं ठरवलं. त्याने माझ्याभोवती कुठूनही पळत यायचं, मी नुसतं ऐकून बोट दाखवायचं, बरोबर की चूक ते त्याने वहीत लिहायचं. डावं-उजवं एकदाही चुकलं नाही. पुढचं-मागचं मात्र निव्वळ छापा-काटा. मग हेडसेटचं सराउंड बंद केलं आणि गेममधलं एचआरटीएफ (आवाजाला दिशा देणारी सोय, खाली सांगतो) चालू केलं. हेडसेट तोच. बरोबरच्या खुणा एकदम वाढल्या. शेवटी गाणी ऐकायचा जुना ओपन-बॅक (बाहेरून जाळीचा, उघड्या कपाचा) हेडफोन कपाटातून काढला. त्याने थोडी आणखी भर पडली, पण मोठी उडी आधीच मारून झाली होती.

हे असं का, ते थोडक्यात. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जरा उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. शिवाय मधे डोकं असल्यामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज डाव्या कानाला दबके लागतात. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये हे मांडलं आणि डाव्या-उजव्यापुरतं ते आजही चालतं. पण बरोब्बर नाकासमोरचा आणि बरोब्बर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, एवढाच मोठा ऐकू येतो. तिथे कामाला येतात ती कानाच्या पाळीची वळणं. साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वर ती काही पट्टे उचलतात, काही गाळतात आणि त्यावरून मेंदू पुढचं-मागचं, वरचं-खालचं ओळखतो. एचआरटीएफ म्हणजे या उचलण्या-गाळण्याचा नकाशा. गेम तो आवाजावर चढवतो. त्यावर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने स्वतःचा दुसरा नकाशा चढवला, की एका चष्म्यावर दुसरा चष्मा घातल्यासारखं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं: दिशा गेम तयार करतो. हेडफोनचं काम ती न बिघडवता कानापर्यंत पोचवणं, बस. ७.१च्या नावाखाली विकलं जाणारं बहुतेक सगळं या कामात लुडबुड करतं. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर सांगा, भांडायला तयार आहे.

सबवूफर

असहमत. आणि भांडायलाच आलोय.

एका गेमवरून सगळ्या जगाचा निकाल लावलात राव. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ पासून एचआरटीएफ आहे, व्हॅलोरंटमध्ये २०२१ मध्ये आलं, हे मान्य. ओव्हरवॉचमध्येही हेडफोनसाठी डॉल्बी अ‍ॅटमॉसची सोय आहे. पण ज्या गेममध्ये असलं काहीच नाही, त्यांचं काय? तिथे तुम्ही स्टिरिओ निवडलंत की गेम मागचा आवाजही नुसता डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून देतो. मागचं आणि पुढचं एकाच भांड्यात. तोच गेम सराउंडवर लावा, तो मागच्या चॅनेलला मागचा आवाज वेगळा देतो. मग विंडोज सॉनिक म्हणा, डॉल्बी म्हणा, हेडसेटचं स्वतःचं म्हणा, कुणीतरी त्या आठ चॅनेलना दोन कानांत बसवतं. तिथे फरक पडतो, चांगलाच पडतो. तुम्ही बटण चुकीच्या गेममध्ये दाबलं आणि शिव्या बटणाला घालताय.

कानोसा

हा मुद्दा शंभर टक्के मान्य, मूळ लेखात यायला हवा होता. पण मग डब्यावर लिहा ना, "गेमचं स्वतःचं एचआरटीएफ असेल तर हे बंद ठेवा." लिहितात का? आणि काही हेडसेटमध्ये प्रत्येक कपात खरोखरचे चार-चार छोटे स्पीकर कोंबतात, त्याचं समर्थन तुम्हीही करणार नाही. कानापासून दोन बोटांवरचा स्पीकर "पुढचा" कसा होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

सबवूफर

ते नाही करत. ते भंगार आहे.

जुना_पेंटियम

पोरांनो, हे सगळं आधी होऊन गेलंय. ऑरिअल नावाची कंपनी होती, तिचं ए३डी हे दिशेच्या आवाजाचं तंत्र. १९९८ ची व्हॉर्टेक्स २ चिप असलेलं कार्ड आणि हाफ-लाइफ, डोक्यावर साधा स्टिरिओ हेडफोन. मागून कुणी आलं तर मान वळायची, खरोखरची मान. साउंड कार्डवाल्या प्रतिस्पर्धी क्रिएटिव्हने पेटंटवरून कोर्टात खेचलं. खटला ऑरिअलने जिंकला, पण खर्चापायी बुडाली आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच घेतली. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डाला गेमशी थेट बोलायची जी वाट होती तीच बंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही १९९८ पेक्षा वाईट ऐकत होतो आणि डब्यांवर मात्र सातचे आकडे चढत होते. धागाकर्त्याशी सहमत, पण "नवीन शोध" लागल्यासारखं बोलू नका एवढंच.

दार_लावून_घ्या

ओपन-बॅकवाल्यांनो, तुमच्या घरात पंखा नाही का? टीव्ही नाही? माणसं नाहीत? ओपन-बॅकची जाळी म्हणजे खिडकी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. दूरचं पाऊल मुळात इतकं हळू असतं की पंख्याच्या घरघरीत बुडून जातं. जे ऐकूच आलं नाही, त्याची दिशा कसली काढताय? माझा अनुभव: ओपन-बॅक एचडी ५६०एस शांत खोलीत सुंदर. डीटी ७७० बंद कपाचा, त्याच्यात जागा थोडी कोंदट वाटते, पण मी त्यावरच जास्त जिंकतो. शांत खोली असेल तर ओपन, नाहीतर मुकाट्याने क्लोज्ड. "साउंडस्टेज"चं (आवाज भोवती ऐसपैस पसरल्यासारखे वाटण्याचं) कौतुक गाण्यांच्या लोकांकडून आलंय. तिकडे बासरी कुठे बसली आहे ते ऐकायचं असतं, आपल्याला बासरीवाल्याला गोळी घालायची असते.

कानोसा

शेवटच्या वाक्यासाठी मॅच माफ.

पण कोंदटपणा सगळ्याच क्लोज्डमध्ये नसतो. खरा शत्रू फुगवलेला बेस. गेमिंगच्या नावाने निघणाऱ्या पुष्कळ हेडसेटमध्ये स्फोट दणदणावा म्हणून खालची पट्टी चढवलेली असते, आणि मोठा जाडा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकून टाकतो. कान असाच बनलाय. ग्रेनेड फुटल्यावर पुढची दोन पावलं हरवतात ती त्यामुळे. पट्ट्या कमी-जास्त करायचं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शंभर हर्ट्झच्या खालचं थोडं उतरवून बघा. मात्र उत्साहात वरची पट्टी वाट्टेल तशी वाढवू नका. पुढचं-मागचं सांगणारे चढउतार तिथेच असतात, ते बिघडतात.

इअरप्लगवाली

हेडफोन-हेडफोन काय चाललंय? स्पर्धांच्या स्टेजवर खेळाडू कानात इन-इअर घालतात आणि वरून जाड हेडसेट चढवतात. मी दोन वर्षं फक्त इन-इअर वापरते. तर्कही सोपा: एचआरटीएफने पाळीचं काम आधीच करून दिलंय. वरून मोठा हेडफोन लावला की तोच आवाज तुमच्या खऱ्या पाळीवरून पुन्हा जातो. इन-इअर पाळीला वळसा घालून थेट आत. धागाकर्त्याच्या दोन चष्म्यांच्या न्यायाने बघितलं तर मोठा हेडफोनच चूक ठरतो.

दार_लावून_घ्या

स्टेजवर तो जामानिमा प्रेक्षकांची आरडाओरड आणि कॉमेंट्री कानावर पडू नये म्हणून असतो हो. वरच्या हेडसेटमध्ये तर मुद्दाम खरखर सोडतात. घरी त्याचा काय संबंध?

इअरप्लगवाली

कारण काही का असेना, जगातले सर्वांत कसलेले कान त्यातून दिशा ओळखतात की नाही? मग "मोठा कप हवाच" हे तरी खोडलं गेलं. (तीन तासांनी कान दुखतात हे मात्र कबूल.)

निळा_दात

मध्येच घुसतो. माझ्या वायरलेस हेडफोनवर गाणी झकास, पण मॅचमध्ये माइक चालू केला की सगळं डब्यात बसून बोलल्यासारखं होतं, आणि दिशा तर पार गायब. हेडफोन खराब आहे का?

कानोसा

खराब नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर माइक सुरू झाला की हेडफोन फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि त्या मोडमध्ये आवाज मोनो. दोन्ही कानांना एकच. दिशा येणार कुठून? वेगळा माइक लावा आणि हेडफोनचा माइक सेटिंगमध्ये बंद करा. तरी उशिराचा प्रश्न राहतोच, साध्या ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवाला (कॉम्प्युटरला स्वतःचा छोटा रिसीव्हर लावायचा) असता तर यातलं काहीच झालं नसतं. सरसकट "वायरलेस नको" म्हणणारे या दोघांची गल्लत करतात.

माउसपॅड

इतके प्रतिसाद आले आणि फुकटचा उपाय कुणीच सांगितला नाही? माउस जरा उजवीकडे हलवा. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर माणूस पुढे आहे, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. माणूस मान हलवून हेच करतो. मानसशास्त्रज्ञ हान्स वॉलाक यांनी १९४० मध्येच प्रयोग करून दाखवलंय. धागाकर्त्याने माउसला हात न लावता परीक्षा घेतली, म्हणजे पळण्याच्या शर्यतीत पाय बांधून वेळ मोजली.

सबवूफर

क्लचमध्ये (एकटं उरल्यावर) क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, हलवायचा? कोपरा धरून बसलेला माणूस माउस हलवत बसला तर दुसरा वाटच बघतोय. सल्ला प्रॅक्टिसमध्ये भारी.

माउसपॅड

थोडासा हो, बोटभर. पंखा नाही फिरवायचा.

उजवा_कान

मला डाव्या कानाने जन्मापासून ऐकू येत नाही. धागा मन लावून वाचला. तुम्ही ज्या मिलिसेकंदांवर भांडताय त्यातलं मला काहीच मिळत नाही, त्यामुळे डावीकडचा माणूस माझ्यासाठी बऱ्याचदा नसतोच. मी विंडोजमधलं मोनो ऑडिओ चालू ठेवतो. दिशा जाते, पण निदान कुणीतरी आलंय हे कळतं. फोर्टनाइटमध्ये आवाज पडद्यावर खुणांनी दाखवायची सोय आहे, तिथे मी पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीने खेळलो. लोक तिला चीटिंग म्हणतात. तर एक विचारतो: ऐकणारेही तीच सोय चालू करतात, मग त्यांच्या महागड्या हेडफोनचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट, दिशा नसली तरी पृष्ठभाग ऐकू येतो. काउंटर-स्ट्राइकच्या न्यूक मॅपवर पत्र्याचा व्हेंट आणि सिमेंटची फरशी यांचा आवाज वेगळा. मी "कुठून" ऐकत नाही, "कशावरून" ऐकतो. मॅप पाठ असला की त्यातून "कुठून" निघतंच. न्यूकवर तर हे लागतंच, कारण तिथे एक साइट (बॉम्ब लावायची जागा) दुसरीच्या बरोबर डोक्यावर आहे, आणि मित्र सांगतात की वरचं-खालचं दोन कानवाल्यांनाही धड कळत नाही.

कानोसा

@उजवा_कान, "कशावरून ऐकतो" हे मी वहीत लिहून ठेवलं. आणि नाही, वरचं-खालचं मलाही कळत नाही. तीही परीक्षा घेतली होती, निकाल इथे टाकायची लाज वाटली.

पाळी_तज्ज्ञ_नाही

कुणालाच नीट का कळत नाही त्याचं कारण: गेममधला नकाशा कुणा दुसऱ्याच्या, नाहीतर एखाद्या पुतळ्याच्या कानांवरून बनवलेला असतो. तुमची पाळी वेगळी. म्हणून तर पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) आला तेव्हा त्यात पाच नमुने दिले होते, त्यातला त्यातल्या त्यात बरा तुम्ही निवडायचा. पण कान शिकतात. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या कानात साचे बसवून पाळीचा आकारच बदलला. आधी वरचं-खालचं पार बिघडलं, काही आठवड्यांत पुन्हा जमायला लागलं. साचे काढल्यावर जुनी सवयही शाबूत होती. तेव्हा दर महिन्याला हेडफोन बदलणाऱ्यांनी स्वतःच्या कानांना शिकायला वेळ दिलाय का, ते आधी बघावं. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला. तुमच्यापैकी कितीजण तेवढ्यात भागवतात?

सबवूफर

तुमची परीक्षा घेतली. बहिणीला पळवलं. एचआरटीएफ असलेल्या गेममध्ये ७.१ बंद करून बरं ऐकू आलं, हे लिहिताना त्रास होतोय. दुसऱ्या, जुन्या गेममध्ये ७.१ चालू ठेवून बरं आलं, हे लिहिताना अजिबात होत नाही. बटण राहणार.

कानोसा

राहू द्या, दिवा छान दिसतो.

इकडे भाऊ पळून पळून कंटाळला. म्हणाला, आता तू पळ, मी ऐकतो. तोच हेडसेट, तेच सेटिंग, माझीच खुर्ची. पहिल्याच फेरीत पठ्ठ्याने पुढचं-मागचं माझ्यापेक्षा जास्त बरोबर सांगितलं. वही आता त्याच्याकडे आहे, द्यायला तयार नाही.