मदत हवी आहे: विडंबनगीतातलं 'घाटी' कडवं बदलायचंय

गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर चवथीसाठी (गणेशचतुर्थीसाठी) विडंबनगीत बसवतोय. त्यातल्या एका कडव्यात 'घाट्यां'ची (घाटावरून आलेल्यांना इथं हिणवून असं म्हणतात) आणि लमाणी बायकांच्या बोलण्याची नक्कल आहे. परवा तालमीत ते सुरू झालं आणि घुमट वाजवणाऱ्या पोराचा हात थांबला. त्याची आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा विकते. मला फार लागलं ते.

मंडळी म्हणतात, तियात्राच्या (कोंकणी नाटकाच्या) कांतारांत, म्हणजे गाण्यांत, चालतं, मग इथं का नको? पण चांगलं कांतार नाव घेऊन मंत्र्याला झोडपतं, माळा विकणारीला नव्हे.

चाल फुगडीची आहे. डोंगरकापणीवर, नगरनियोजन कायद्यातल्या कलम ३९अ खाली होणाऱ्या जमिनींच्या रूपांतरावर चार झोंबऱ्या ओळी सुचवाल का? आणि कडवं लिहिणाऱ्या काकांना न दुखावता कसं सांगू?