प्रतिसाद: अंड्याला वर-खाली कसं कळतं?

'बेडकाच्या अंड्याची एक बाजू काळी आणि दुसरी फिकी का?' असं वर एका ताईंनी विचारलंय, आणि 'रंगद्रव्य' एवढंच उत्तर मिळालंय. खरी गंमत रंगाच्या पलीकडे आहे.

मृगाचा पाऊस पडला की आमच्या देवगडकडे भाताच्या खाचरांत अशी अंडी तरंगताना दिसतात. संशोधन मात्र मुख्यतः झेनोपस या आफ्रिकन बेडकावर झालंय. त्याचं पूर्ण वाढलेलं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. १९८०च्या दशकात त्याच्या फिकट बाजूला, म्हणजे तळाला, 'व्हीजी-१' नावाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याची कृती वाहून नेणारा रेणू) साठलेला सापडला.

तो तिथे आपोआप वाहत जात नाही. हापूसच्या पेटीवर पत्ता लिहावा तसा त्याच्या शेपटाकडे सुमारे ३४० अक्षरांचा एक तुकडा असतो. प्रथिनं हा पत्ता वाचतात. 'व्हेरा' आणि 'एचएनआरएनपी-आय' ही दोन केंद्रकातच त्याला चिकटतात. बाहेर पेशीद्रवात आल्यावर 'स्टॉफेन'सारखी आणखी प्रथिनं जोडली जातात. मग कायनेसिन नावाची मोटार-प्रथिनं सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून हा सगळा जुडगा तळाकडे ओढत नेतात. पत्त्यातली, प्रथिनं चिकटण्याची अक्षरं बदलली तर आरएनए अंडंभर विखुरलेलाच राहतो.

मला सर्वांत थक्क करतं ते हे, की वाटेत असताना त्यापासून प्रथिन बनत नाही, तो कुलूपबंदच जातो. मुक्कामी पोचल्यावरच त्याचं काम सुरू होतं, आणि पुढे गर्भाचे थर ठरवण्यात त्याच्या प्रथिनाचा हात असतो.