टोपणनावामागचं मन

टोपणनावानं लिहिणारा माणूस खरा नसतोच, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. १९६६ साली संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या आपल्या ‘एलायझा’ या गप्पा मारणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. आईचा उल्लेख टाइप केला की तो म्हणायचा, "घरच्यांबद्दल आणखी सांगा." समज शून्य, नुसती शब्दांची जुळवाजुळव. तरीही वायझेनबाम यांच्याच सेक्रेटरीनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला त्या प्रोग्रॅमशी एकांतात बोलायचं होतं! समोर मन नव्हतं, पण तिचं मोकळं होणं तर खरंच होतं ना? टोपणनावाचंही तसंच: नाव बदललं तरी चिडणं, हळवं होणं, मुद्द्यावर अडून बसणं आपलंच राहतं. खऱ्या नावानं मी उलट फार जपून लिहिते, आणि ते लिखाण मलाच परकं वाटतं.