थायरॉईडची लहान गाठ: लगेच शस्त्रक्रिया करावी का?

दादरहून प्रश्न: मानदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत आईच्या थायरॉईडमध्ये ७ मिलिमीटरची गाठ दिसली आणि सुईच्या तपासणीत पॅपिलरी (थायरॉईडचा सर्वाधिक आढळणारा, सहसा हळू वाढणारा) कर्करोग निघाला. डॉक्टर नुसते लक्ष ठेवण्याचाही पर्याय देतात. कर्करोग ठाऊक असून थांबायचे कसे?

मुलुंडहून: दक्षिण कोरियात १९९९नंतर तपासण्या वाढल्या आणि २०११मध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान १९९३च्या सुमारे १५ पट झाले, मृत्युदर मात्र जवळजवळ तेवढाच राहिला, म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठींनी कधी त्रासच दिला नसता. (एवढ्या लहान गाठीत सुई घालावी का, हाच खरे तर पहिला प्रश्न.)

पार्ल्याहून: गाठ श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राच्या नसेला खेटून असेल, तर मात्र थांबू नये. माझी संपूर्ण ग्रंथी काढली. तेव्हापासून रोज उपाशीपोटी थायरॉईड हार्मोनची गोळी घ्यावी लागते.

दादरहून: गाठ नसेपासून दूर आहे. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू.